अमेरिकेत लहान मुलांच्या मॅचला लायसन्सवाला माणूस पिस्तूल घेऊन येऊ शकतो का?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण अगदी हेच माझ्यासमोर घडलंय. तुमची बहीण टेक्सास राज्यात डॅलसजवळ राहायला गेलीय, ८ वर्षांच्या भाच्याच्या शनिवारच्या सॉकर मॅचला दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांच्या शर्टाखाली तिला पिस्तूल दिसलं, आणि तुम्ही विचारताय की हे कायद्यात बसतं का आणि तिने पोलिसांना फोन करायचा का. तर टेक्सासमध्ये, सिटीच्या पार्कात, शाळेशी संबंध नसलेल्या लीगची मॅच असेल तर हो, बसतं. पण हेच न्यू जर्सीत केलं तर गुन्हा, आणि टेक्सासमध्ये सुद्धा तोच माणूस तेच पिस्तूल कमरेला लावून शाळेच्या मॅचला गेला तर थेट तुरुंगाची पाळी येऊ शकते.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, मुलगी १० वर्षांखालच्या टीममध्ये खेळते आणि मी त्या टीमचा मॅनेजर आहे, म्हणजे पाणी, संत्री, तंबू, पालकांचे मेसेज हे सगळं माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी आणि दुसऱ्या एका मुलीचे वडील मिळून तंबूचे पाय उघडत होतो, त्यांनी दोन्ही हात वर केले, टी-शर्ट वर सरकला आणि उजव्या बाजूला पँटच्या आत खोचलेलं काळं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, दिसलं, वर फक्त मूठ बाहेर. माझी मुलगी शेजारीच कूलरमधून बाटली भरत होती आणि तिचं डोकं बरोबर त्या मुठीच्या उंचीला. मी काहीच बोललो नाही तेव्हा, पण पूर्ण मॅच माझं लक्ष बॉलकडे नव्हतं. म्हणून तुमच्या बहिणीला काय वाटलं असेल ते मला कोणी समजावून सांगायला नको.

त्या रात्री बसून मी टेक्सासचा कायदा वाचला, मग बऱ्याच जणांना विचारलं. इथे सगळं दोन गोष्टींवर ठरतं, जागा कोणाची आणि मॅच कोणाची. शाळेची इमारत, जिम, हे कायम बंद, लायसन्स असो नाहीतर नसो. शाळेच्या मालकीच्या मैदानावर शाळेचाच कार्यक्रम चालू असेल तर तेही बंद, आणि हा साधासुधा गुन्हा नाही, २ ते १० वर्षं शिक्षेचा आहे. हायस्कूल, कॉलेज आणि प्रोफेशनल मॅचेस जिथे चालतात त्या जागाही कायद्यात नाव घेऊन बंद केल्यात. पण ती यादी नीट वाचली की लक्षात येतं, त्यात लहान मुलांच्या लीगचा शब्दच नाही! ८ वर्षांच्या मुलांचा सॉकर, छोट्यांचं बेसबॉल, आपल्या लोकांनी चालवलेली क्रिकेट अकॅडमी, हे सगळं सिटीच्या पार्कात असेल तर त्या यादीच्या बाहेर राहतं. आणि सिटीला वाटलं तरी ती लायसन्सवाल्याला आपल्या पार्कात मनाई करू शकत नाही, २०१५ पासून तशी चुकीची पाटी लावली तर सिटीलाच दंड होतो.

प्रायव्हेट जागेचं वेगळं. इनडोअर सॉकरचा हॉल, बॅडमिंटनची अकॅडमी, यांचा मालक दारावर पाटी लावू शकतो, तिला इथे सगळे 'थर्टी-ओ-सिक्स' म्हणतात, कायद्याच्या कलमाचा नंबर तो, ३०.०६. इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान १ इंच उंच, आणि दारातून आत जाताना नीट दिसेल अशी. ती पाटी असेल तर लायसन्सवाल्याने पिस्तूल लपवून आत न्यायचं नाही. आमची हिवाळ्यातली प्रॅक्टिस जिथे होते तिथे ती आहे, आणि खरं सांगतो, ती पाटी पाहिली की मला बरं वाटतं.

आता तुम्ही लायसन्स लायसन्स म्हणताय, पण १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला लायसन्स लागतच नाही. तरी लोक काढतात, त्याला एक कारण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, कायदा आहे, शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत, म्हणजे साधारण ३०० मीटरमध्ये, पिस्तूल नेणं देशभर गुन्हा आहे आणि त्यातून सुटका त्याच राज्याचं लायसन्स असलेल्याला मिळते. आणि इथले निम्मे पार्क कुठल्या ना कुठल्या शाळेला चिकटूनच असतात, त्यामुळे बिनलायसन्सचा माणूस नुसता मैदानाकडे चालत गेला तरी त्या कायद्यात अडकू शकतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो, तिथे आपली मराठी माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीत असेलच. त्याला हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या केसमध्ये निकाल दिला की घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा हक्क आहे, 'मला खास गरज आहे' असं सिद्ध करायला लावता येणार नाही. त्यानंतर न्यू जर्सीने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा केला, लायसन्स द्यायचं पण कुठे न्यायचं नाही त्याची लांबलचक यादी, आणि त्यात मुलांच्या क्रीडा स्पर्धा स्पष्ट लिहिल्यात, मॅच चालू असताना आणि तिच्या लगेच आधी-नंतर सुद्धा. पार्क आणि खेळाची मैदानं वेगळी लिहिलीत. त्या यादीवर कोर्टात भांडणं लागली, त्यामुळे तिकडे कोणी राहत असेल तर आज काय लागू आहे ते बघूनच पाऊल टाकावं. इलिनॉयमध्ये म्युनिसिपालिटीची किंवा पार्क डिस्ट्रिक्टची (पार्क सांभाळणारी स्थानिक सरकारी संस्था) मैदानं बंद. फ्लोरिडा टेक्सासच्या जवळ जातं, शाळा-कॉलेज-प्रोफेशनल मॅच बंद, बाकी लीगचं नाव नाही.

फोन करायचा का? पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे, माणूस शांत बसून मॅच बघतोय, तर पोलीस आले तरी फार काही करू शकणार नाहीत. २०१४ मध्ये जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीत एक माणूस मुलांचं बेसबॉल चालू असताना पार्कात पिस्तूल लावून फिरत होता, पालकांनी ९११ ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, एकामागून एक फोन केले, पोलीस आले, त्याच्याकडे लायसन्स निघालं, अटक झाली नाही. पण कोणी ते बाहेर काढलं, लोकांना घाबरवायला दाखवलं, धमकी दिली, तर तो गुन्हाच आहे, तेव्हा विचार करत बसायचं नाही, मुलाला उचलायचं, लांब जायचं आणि ९११.

मला भीती त्या लपवलेल्या पिस्तुलाची कमी आणि बाउंड्री लाइनवरच्या रागाची जास्त वाटते. तुम्ही अजून पाहिलं नसेल, ८ वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये ऑफसाइडवरून मोठी माणसं १५ वर्षांच्या रेफरीच्या अंगावर कशी धावून जातात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथेच डॅलसच्या दक्षिणेला लँकेस्टरमध्ये, सिटीच्याच पार्कात, लहान मुलांच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये मोठ्यांचं भांडण जुंपलं आणि एका कोचला मुलांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालून मारलं. मारणाऱ्याला पुढे ३७ वर्षांची शिक्षा झाली, पण त्या मैदानावरच्या मुलांनी जे पाहिलं ते पाहिलंच. त्यामुळे माझं मत सरळ आहे, कायदा परवानगी देत असला तरी मुलांच्या मैदानावर हे नको. ज्यांना वाटतं की कोणी हल्लेखोर आला तर आपण मुलांना वाचवू, त्यांची काळजी मी खोटी म्हणत नाही, पण ८ तंबू, ४० मुलं, सगळीकडे पळापळ, तिथे गोळी कुठे जाईल?

एक गोष्ट तुमच्या मेव्हण्याच्या कानावर घाला. ते एचवनबी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या, व्हिसावर असतील तर त्यांनी स्वतः बंदूक घ्यायच्या भानगडीत अजिबात पडू नये, फेडरल कायद्याने अशा व्हिसावाल्यांना बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. मित्राने हौसेने गिफ्ट दिली तरी नाही. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं.

बहिणीने आधी टीम मॅनेजरला किंवा लीगला ईमेल करावा, माणसाचं नाव न घेता, आणि दोनच गोष्टी विचाराव्यात, कोच आणि व्हॉलंटियर लोकांसाठी लीगचा नियम काय आहे आणि पालकांना काय कळवलंय. लीग सिटीचा पार्क बंद करू शकत नसली तरी स्वतःच्या कोचला नियम घालू शकते. आमच्या लीगकडून मला तीन ओळींचं उत्तर आलं, पार्क सिटीचा आहे, आमच्या हातात नाही. वाईट वाटलं. मग मी सरळ त्या वडिलांशीच बोललो, मॅच संपल्यावर, पार्किंगमध्ये, बाकी कोणी नसताना. म्हटलं, तुमच्या हक्काबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण तंबू लावताना शर्ट वर गेला आणि माझी मुलगी तिथेच उभी होती. ते एकदम गप्प झाले. म्हणाले, मला कळलंच नाही की दिसलं. पुढच्या शनिवारी त्यांनी मला गाडीपाशी बोलावलं आणि ड्रायव्हरच्या सीटखाली केबलने बांधलेली छोटी स्टीलची पेटी दाखवली, कुलूप लावलेली, आणि म्हणाले, मॅच संपेपर्यंत इथेच राहील. मग आम्ही दोघांनी तंबू लावला.