कामाच्या रगाड्यात रोझरी राहून जाते, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की घर, पोरं आणि शिलाई यात रोझरीला, म्हणजे मरिया मातेच्या माळेच्या प्रार्थनेला, वेळच उरत नाही, आणि सासूबाई म्हणतात खरकट्या हातानं देवाचं नाव घेऊ नये. मी खानापूर तालुक्यातली, भाकरीच्या ऑर्डरी घेते. दिवस तव्यापाशीच जातो, म्हणून तिथलंच सांगते.

आधी सासूबाईंचं. आपल्या कॅथलिक चर्चमध्ये असा कुठलाही नियम नाही. पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे धर्मबंधू होते, १६९१ साली वारले. मठाच्या स्वयंपाकघरात त्यांनी कित्येक वर्षं काढली. वेदीपुढे गुडघे टेकल्यावर देव जेवढा जवळ असतो, तेवढाच तो भांड्यांच्या गोंगाटातही असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सासूबाईंना ही गोष्ट सवडीनं सांगा, वाद घालू नका.

आता मुख्य मुद्दा. कुठल्या कामात मन मोकळं असतं ते आधी बघा. तुरपाई, हुक लावणं, भांडी, कपडे, यात हात आपोआप चालतात. तिथे रोझरी खुशाल म्हणा. आमच्याकडे भांगलायला बसलेल्या वारकरी घरच्या बाया अभंग म्हणत ओळ उरकतात, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

माझं असं चालतं. उंडा परातीत थापायला घेतला की 'नमो मरिया' ही माळेच्या मण्यावरची छोटी प्रार्थना सुरू, आणि भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवेपर्यंत संपते. हात पिठाचे, माळ धरता येत नाही, मग भाकऱ्याच मोजायच्या. दहा झाल्या की रोझरीचा एक टप्पा पुरा. पुढचं पीठ मळताना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनात आणायचे प्रसंग, वाराप्रमाणे: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. आणि ज्या घरच्या भाकऱ्या, ते घर त्या टप्प्यात देवापुढे ठेवायचं. एका घरी म्हातारा बरेच दिवस अंथरुणाला खिळून आहे. त्यांच्या भाकऱ्या थापताना मला प्रार्थनेसाठी वेगळं काही आठवावं लागत नाही. तुम्हीही ज्या बाईचा ब्लाऊज हातात असेल तिच्यासाठी म्हणा. मध्ये पोरानं हाक मारली तर उठा, परत येऊन तिथूनच पुढे धरा. पहिल्यापासून सुरू करत बसू नका.

कापड बेतताना, हिशेब करताना, पोरांचा अभ्यास घेताना मात्र रोझरी नको. धड प्रार्थना होत नाही, धड कापड बेतलं जात नाही. त्यासाठी सकाळचं अर्पण आहे. १८४४ साली फ्रान्समध्ये वाल्स इथे जेझुइट (येशूसंघ) धर्मसंघाच्या विद्यार्थ्यांना मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जायची घाई झाली होती. फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितलं, तुमचा रोजचा अभ्यास आणि कष्ट हेच देवाला वाहा. त्यातून रोज सकाळी दिवस अर्पण करायची चाल जगभर पसरली. कात्री उचलण्याआधी क्रुसाची खूण करा आणि म्हणा, 'प्रभू, आजचं काम, थकवा, आनंद, सगळं तुला.' मग मन लावून बेता. मधेच एखादं गिऱ्हाईक चिडून बोललं तर मनात 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर' एवढं पुरे.

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा ही आंजेलूसची, म्हणजे देवदूतानं मरियेला दिलेला निरोप आठवायच्या प्रार्थनेची वेळ. तीन 'नमो मरिया' आणि मधली वचनं, दोन-तीन मिनिटांत होतं. घंटा ऐकू येत नसेल तर फोनला गजर लावा. मला विचाराल तर तिन्ही वेळा जमवायच्या मागे लागू नका, बाराची एक धरा. तेव्हा मशीन थांबतं, हात ताठलेले असतात, घोटभर पाणी प्यायचंच असतं.

भाषेचं ओझंही घेऊ नका. आपल्याकडे आजीची प्रार्थना कोंकणीत, शाळेतली इंग्रजी नाहीतर कन्नडमध्ये आणि घरातलं बोलणं मराठीत, असं बऱ्याच घरी असतं. तोंडात जी आपसूक येते ती म्हणा.

एवढं करूनही रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सोडू नका, आणि रात्री पोरं झोपल्यावर दोन मिनिटं तरी नुसत्या बसा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती यांनी शिकवलं तसं दिवस मागे वळून बघायचा: कुठे देवाचे आभार मानावेत, कुठे कुणाला उगाच तोडून बोलले, उद्या काय सांभाळायचं. यासाठी माळ लागत नाही, पुस्तकही लागत नाही. सासूबाई जाग्या असतील तर त्यांनाही शेजारी बसवा.