ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला तडा गेलाय, वेल्डिंग टिकेल का?

दादा, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गिअरबॉक्सच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तडा जाऊन तेल गळतंय, ते वेल्ड होईल का? आणि स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांना वळवणारा मोडलेला टाय रॉडही त्याच हाताने जोडून घ्यावा का?

टाय रॉडचं आधी सांगतो. जोडू नका, नवाच टाका. स्टिअरिंगचे भाग घडीव पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो, आणि पुढे तो जोड सोडून शेजारीच तुटतो. भरलेली ट्रॉली मागे असताना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर, समोरून केळीचे ट्रक येत असताना हे झालं तर स्टिअरिंग हातात राहून उपयोग नाही. मी चोपड्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं वेल्डिंग करतो आणि हे काम गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी परत पाठवतो. ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचंही तेच, वेल्डिंगने त्यांचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं.

आता हाउसिंग. ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बिडात कार्बन २ ते ४ टक्के, साध्या लोखंडात पाव टक्क्याच्या आत. म्हणून बीड ताण सोसत नाही. साध्या रॉडने एका दमात लांब टाका मारला की थंड होताना ‘टण्ण’ आवाज येतो आणि शेजारी नवा तडा दिसतो. तुमचे वेल्डर साधा रॉड वापरतो म्हणत असतील, तर थांबवा. निकेलचा रॉड गावात नसेल तर जळगावहून मागवा. महाग आहे, पण इथे तोच लागतो.

त्याआधी तडा कुठे आहे ते नीट बघा. बहुतेक ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एकमेकांना बोल्टने जोडून तोच कणा होतो. तडा बोल्टच्या भोकांपाशी किंवा बेअरिंगच्या घरात असेल तर हाउसिंग बदला. बाजूच्या भिंतीत असेल तर काम होतं.

गिअरबॉक्स खोलून तेल, सील, बेअरिंग सगळं बाहेर काढायचं. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच. बीड तेल पिऊन बसलेलं असतं, गॅसच्या ज्योतीने शेकून ते जाळून टाकावं लागतं, नाहीतर टाक्यात बारीक छिद्रं पडतात. यात कंटाळा करणारेच जास्त भेटतात. टाका २-३ सेंटिमीटरचाच, तो गरम असतानाच हातोडीने हलकं ठोकायचं, हात लावता येईल इतकं निवलं की पुढचा टाका. पाणी मारायचं नाही, पंख्याखालीही ठेवायचं नाही. घाई असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

ट्रॅक्टरवरच काही वेल्ड करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि वेल्डिंग मशीनचं अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावा. लांब लावलं तर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब करतो.

काम झाल्यावर बाहेरून चुन्याचा हात द्या, वाळू द्या आणि आतून रॉकेल लावून काही तास ठेवा. झिरपलं तर चुन्यावर ओला डाग उमटतो. डाग दिसला तर तेवढाच भाग ग्राइंडरने उघडून पुन्हा भरून घ्या, वरून एम-सील थापू देऊ नका.