राणी आणा, वारूळ खणू नका

(वाचकांचे प्रश्न. या वेळी सगळी पत्रं मुंग्यांचीच आली आहेत.)

प्रश्न : मॅडम, आमचा मुलगा सातवीत आहे. परदेशातले लाल मुंग्या पाळण्याचे व्हिडिओ बघून त्याने हट्ट धरलाय. सोसायटीच्या बागेतलं मुंग्यांचं घर खणून बरणीत भरायचं, असा त्याच्या बाबांचा बेत आहे. राणी ओळखायची कशी? चावल्या तर? आणि थंडीत त्यांना फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, हे खरं का?
– एक आई, मखमलाबाद रोड, नाशिक

उत्तर : बाबांच्या हातातलं खुरपं आधी काढून घ्या. खणून शेकडो कामकरी मुंग्या मिळतील, पण राणी बहुधा मिळणार नाही. ती खोल असते आणि वर धक्का बसला की आणखी आत सरकते. बिनराणीच्या मुंग्या बरणीत काही दिवस छान बोगदे काढतील, मुलगा खूश होईल, मग त्या एकेक करत संपतील. मधमाश्यांची राणी मेली तर त्या अळीतून दुसरी वाढवतात, ती बाहेर उडून मीलन करून परत येते. बरणीत असल्या कशालाच वाव नाही. म्हणून सुरुवात एका राणीपासून करायची.

कुठली लाल मुंगी, हेही ठरवायला हवं. साखरेच्या डब्यात शिरते ती बारीक, पिवळट लाल मुंगी विसरा. झाकणाच्या आट्यांतूनही ती निसटते, आणि एकेका घरात अनेक राण्या असल्याने निसटली की तुमच्या भिंतीत संसार थाटते. आंब्याची पानं शिवून घर करणारी, कोकणातली ओंबील, दिसायला देखणी. अळ्यांना धाग्याच्या रिळासारखं तोंडात धरून त्यांच्या रेशमाने ती पानं सांधते. पण तिच्या एका वसाहतीची घरं अनेक फांद्यांवर, कधी अनेक झाडांवर पसरलेली असतात. ती पेटीत कोंडणं मला पटत नाही. दुर्बीण घ्या आणि झाडाखाली उभे राहा.

उरली ती बागेतली, जमिनीत घर करणारी डंखाची लाल मुंगी. शास्त्रीय नाव सोलेनोप्सिस जेमिनाटा. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आता आपल्याकडे अंगणाअंगणात. पाळायला ती चिवट आहे आणि बघायला मजेची. तिच्यात काही कामकऱ्यांचं डोकं धडाच्या मानाने भलतंच मोठं, चौकोनी असतं आणि मधोमध खाच असते. या डोकेवाल्या मुंग्या बिया फोडतात. भिंग धरून पाहा, दाणा जबड्यात फिरवत फिरवत कडेने कसा कुरतडतात ते.

राणी मिळते पावसाळ्याच्या तोंडाशी. जूनमधल्या पहिल्या सरींनंतर हवा दमट झाली की पंख फुटलेले नर आणि राण्या बाहेर पडतात. मीलनानंतर नर मरतात. राणी खाली उतरते, स्वतःचे पंख मोडून टाकते आणि बिळासाठी जागा शोधत फिरते. अशी पंख टाकलेली, कामकरीपेक्षा कितीतरी मोठी, टपोऱ्या पोटाची मुंगी एकटीच धावताना दिसली की तीच घ्यायची. पंख अजून अंगावर असतील तर मीलन झालेलं नसण्याची शक्यता जास्त. दिव्याखाली पडणारे सगळेच पंखवाले किडे मुंग्या नसतात, त्यात वाळवी बरीच असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. दरवर्षी कोणी ना कोणी मला वाळवी आणून दाखवतं आणि राणी म्हणून भांडतं.

घर म्हणून एक परीक्षानळी पुरते. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल. तिसरा हिस्सा पाणी भरा, त्यावर कापसाचा बोळा घट्ट सरकवा म्हणजे तो ओला राहील. पुढच्या कोरड्या भागात राणी सोडा, तोंडाला दुसरा बोळा लावा. नळी काळ्या कापडात गुंडाळून कपाटात आडवी ठेवा आणि तिला विसरा. मुलाला हेच सर्वांत जड जाईल. आत राणी अंडी घालेल. पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून, काहीही न खाता, ती पहिल्या अळ्यांना भरवेल. रोज कापड काढून उजेड पाडलात, नळी हलवलीत, तर बिथरलेली राणी स्वतःचीच अंडी खाते. उबेत साधारण महिनाभरात पहिल्या कामकरी बाहेर येतात. त्या अगदी खुजट असतात, म्हणून घाबरू नका.

आता फ्रिजचं. व्हिडिओतली लाल मुंगी बहुतेक मिर्मिका रुब्रा असणार, युरोपातली. तिथल्या हिवाळ्यात ती निपचित पडून राहते, म्हणून पाळणारेही तिला काही महिने थंडीत ठेवतात. तिच्या राणीला सुरुवातीच्या काळातही खायला द्यावं लागतं. आपल्या राणीला या दोन्ही गोष्टी नकोत. निफाडकडचा पारा उतरला की आपल्या मुंग्या मंदावतात, अन्नाकडे फिरकत नाहीत, तेवढंच. त्यांचं घर खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत ठेवा. त्या मुंग्या ऑनलाइन मागवायचा विचारही नको. परदेशी कीटक विनापरवाना आणणं बेकायदा आहे. २०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांकडे परीक्षानळ्यांमध्ये भरलेल्या सुमारे ५,००० मुंग्या सापडल्या, बहुतेक राण्याच. शिक्षा झाली दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा वर्षभर कैद.

कामकरी आल्या की नळीचं तोंड उघडून ती एका पेटीत ठेवा आणि तिथे साखरपाण्याचा थेंब आणि मारलेल्या डासाचा किंवा झुरळाचा तुकडा द्या, मात्र फवारा मारलेलं झुरळ नको. प्रौढ मुंगीला घास गिळता येत नाही, ती रसच पिते. घट्ट अन्न अळ्यांपुढे ठेवतात. पिल्लावळ नसेल तर झुरळाचा तुकडा तसाच पडून बुरशी येते, तो उचला. वसाहत वाढली की चार दाणे नाचणीचे किंवा वरईचे टाकून बघा.

निसटण्याचं काय? पेटीच्या आतल्या बाजूला, वरच्या काठाला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावा. वाळली की मुंगीचा पाय ठरत नाही. आपल्या जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत मात्र हा थर दगा देतो. तेव्हा भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांत दुधाच्या पातेल्याला करत तेच करायचं : परातीत पाणी आणि त्यात पेटी. त्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब हवाच, कारण ही जात पाण्यावर तरंगते. आणि पडदा परातीला टेकला की सगळं मुसळ केरात.

चावण्याबद्दल. ही मुंगी जबड्याने कातडी धरते आणि मागून नांगी मारते. तिचं विष फॉर्मिक आम्ल नाही, तो मान ओंबील आणि डोंगळ्यांचा. हिच्या विषात मुख्यतः अल्कलॉइड, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची द्रव्यं असतात, म्हणून खायचा सोडा चोळून काही साधत नाही. थंड पाण्याने धुवा, बर्फ लावा, फोड खाजवू नका. तोंड सुजलं, श्वास लागला, अंगभर गांध्या उठल्या तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. घरात कोणाला अशी ॲलर्जी आधी झालेली असेल तर ही जात पाळूच नका.

प्रश्न : आमची आई मुंग्यांना साखर घालते. मुलं त्यांना कोंडून ठेवणार, हे पाप नाही का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : पापपुण्याचं आईंना विचारा. मी एवढंच सांगेन की उडालेल्या राण्यांपैकी बहुतेक जणी पक्ष्यांच्या, पालींच्या किंवा दुसऱ्या मुंग्यांच्या तोंडी जातात. नळीतली एक राणी मात्र वर्षानुवर्षं जगू शकते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची राणी पाळलेल्या अवस्थेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. तेव्हा सातवीतल्या मुलाने राणी आणली, तर तो कॉलेजला गेल्यावर ती कोण सांभाळणार, हे आधी ठरवा.

प्रश्न : कंटाळा आला तर पाळलेल्या मुंग्या आमच्या द्राक्षबागेत सोडल्या तर चालेल का? मुंग्या किडी खातात, असं ऐकलंय.
– एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : मुळीच नको. मुंग्या किडी खातात हे खरं, पण मिलीबगला, म्हणजे वेलीचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीला, त्या राखतात. त्याचा गोड चिकट स्राव त्यांना हवा असतो. त्यासाठी त्या मिलीबगच्या शत्रूंना हाकलतात आणि पिल्लं वेलीवर इकडून तिकडे नेतात. घडावर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी आली की माल कोण घेतो? वेलीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर साल सोलून आत मिलीबग बघा, हे तुम्हाला मी सांगायला नको. नको झालेली वसाहत जिथून राणी उचलली, त्याच अंगणात सोडा.