पहिल्या उन्हाळी फेरीला निघण्यापूर्वी

इंग्लंडमधल्या शेतांतून आणि खेड्यांतून जाणारी आपल्या गटाबरोबरची तुमची ही पहिलीच पायी फेरी, म्हणून मोजकेच सांगतो. नकाशावाचन पुढे सावकाश शिकता येईल.

पहिली चूक बहुतेकांची आखूड विजारीची होते. जूनमध्ये कुंपणालगतच्या वाटेवर नेटलची झुडपे कमरेपर्यंत वाढतात आणि त्यांचा नुसता स्पर्श झाला तरी कातडीची आग होते. म्हणून पूर्ण लांबीची विजार घाला. बूट आधी वापरून पायाला सरावलेलेच असावेत. दीड-दोन लिटर पाणी जवळ ठेवा, कारण वाटेतला पब उघडा असेलच असे नाही.

वाटेतल्या खांबांवर आणि फाटकांवर दिसणारा पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची हक्काची वाट. ती उभ्या गव्हातून गेली तरी बिचकू नका, मात्र एकामागोमाग एक चाला, कारण दोघे शेजारी चालले की कडेच्या ओंब्या आडव्या होतात. फाटक उघडे किंवा बंद, जसे दिसले तसेच ठेवा.

वासरांसह गाई दिसल्या, तर मात्र माझे हे एक ऐकाच:
- गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या.
- पळू नका.
- सोबत कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या, तर त्याचा पट्टा सोडून द्या. तो स्वतःला वाचवतो.

तुमची वाट पाहतो आहोत, नक्की या.