रस्ता कुणाचा, हे ठरल्याशिवाय चेक फाडू नका

प्रश्न : पुण्यात सहकारनगर भागात आमची 1974 सालची बंगल्यांची सोसायटी आहे. गल्लीचा रस्ता पार उखडलाय. क्षेत्रीय कार्यालय म्हणतं, रस्ता खासगी आहे, आम्हाला निधी टाकता येत नाही. आता कमिटीनं काँक्रीटीकरणासाठी दर प्लॉटला 1,10,000 रुपये लावलेत. भरले नाहीत तर पाणी तोडू, असं तोंडी सांगितलंय. मी फॅमिली पेन्शनवर एकटी राहते. दर वेळी जुन्यावरच नवं डांबर पडत गेल्यानं माझ्या फाटकाच्या तीन पायऱ्यांतल्या दोन गाडल्या गेल्या. पावसाचं पाणी थेट आवारात येतं. पैसे भरावेच लागतील का?

उत्तर : ताई, आधी पाण्याची भीती मनातून काढून टाका. प्लॉटच्या सोसायटीत नळजोड बहुधा पालिकेनं थेट मालकाला दिलेला असतो. तुमची पाणीपट्टी किंवा मिळकतकराची पावती काढून पाहा. जोड तुमच्या नावावर असेल, तर सोसायटीला त्याला हात लावता येणार नाही. येणी वसूल करायची असतील तर सोसायटीसाठी सहकार कायद्यातल्या कलम 154ब-29 चा रस्ता आहे. निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तिथं तुमचं म्हणणंही मांडता येतं. तोंडी धमकीला मात्र कायद्यात जागा नाही.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे सार्वजनिक रस्ते पालिकेकडे निहित असतात आणि ते बांधणं, राखणं हे तिचं बंधनकारक कर्तव्य आहे. तुमच्या गल्लीची अडचण अशी, की ले-आउट मंजूर झाला, घरं झाली, पण रस्ता पालिकेच्या ताब्यात द्यायचा राहून गेला असावा. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. पन्नास वर्षं लोक त्यावरून येतात-जातात, दिवे पालिकेचे, ड्रेनेजही पालिकेचं, आणि कागदावर रस्ता सोसायटीचाच.

म्हणून क्षेत्रीय कार्यालयाच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. मंजूर ले-आउटची प्रत, रस्त्याच्या जागेची मिळकत पत्रिका आणि रस्ता पालिकेला दिल्याची ताबेपावती झाली असल्यास तिची नक्कल, हे तीन कागद हातात घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. शक्य असेल तर पालिकेत जाऊन फाइलच पाहून या. सोबत कुणाला तरी घ्या, जुन्या फायली जड असतात.

ताबेपावती निघाली, तर प्रश्नच मिटला. मग काम पथ विभागानं करायचं, आणि वर्गणीचा ठराव फेरविचाराला आणायचा. रस्ता खरंच खासगी निघाला, तर अधिनियमात तो सार्वजनिक जाहीर करण्याची सोय आहे. सपाटीकरण, ड्रेनेज, फरसबंदी आयुक्तांच्या समाधानाप्रमाणे झाली, दिव्यांची सोय असली आणि मालकांनी मागणी केली, की तशी नोटीस रस्त्यावर लागते. महिनाभरात रस्त्याच्या मोठ्या भागाच्या मालकानं लेखी हरकत घेतली नाही, तर रस्ता सार्वजनिक होतो.

कळीचा मुद्दा इथंच आहे. आधी सोसायटीनं पैसे घालायचे आणि पुढं रस्ता ताब्यात घ्यायला पालिकेनं नवी अट काढायची, असं होऊ देऊ नका. कोणती कामं झाली म्हणजे रस्ता ताब्यात घेणार, हे उपअभियंत्यांकडून आधी लेखी घ्या. तेवढ्याचंच पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, करा. कदाचित पावसाळी गटार आणि उतार एवढंच निघेल, काँक्रीट लागणारही नाही. रस्ता दिला, की फाटक लावून तो बंद करता येणार नाही आणि पार्किंगची जागाही राखून ठेवता येणार नाही, हे सभेत सगळ्यांना स्पष्ट सांगा. तरीही माझं मत रस्ता देऊन टाकावा असंच आहे. पुढची पन्नास वर्षं बावीस-पंचवीस घरांनी रस्ता पोसणं कुणालाच झेपणारं नाही. शिवाय सार्वजनिक झालेल्या रस्त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागता येते. पुण्यात 2006 पासून नागरिकांना त्यात कामं सुचवता येतात; मोठं काँक्रीटीकरण त्यात बसत नाही, पण पदपथ किंवा गटाराची दुरुस्ती बसते.

वर्गणीचं म्हणाल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव रीतसर झाला असेल, विषय विषयपत्रिकेवर असेल, तर तो तुम्हालाही लागू होतो. ठरावाची आणि इतिवृत्ताची प्रत लेखी मागा. हप्ते मागायला संकोचू नका. सगळ्यांना सारखी रक्कम की प्लॉटच्या क्षेत्रफळाप्रमाणे, हेही विचारा.

आणि तुमच्या पायऱ्या. पूर्वगणनपत्रकात जुना थर खरवडून काढण्याची बाब आहे का, ते स्वतः वाचा. ती नसेल, तर काम कुणीही करो, उरलेली पायरीही जाईल. पत्रात सरळ लिहा, की रस्त्याची पातळी माझ्या आवारापेक्षा वर जाऊ नये आणि उतार गटाराकडे असावा. एक प्रत सोसायटीला, एक क्षेत्रीय कार्यालयाला द्या, दोन्हींवर पोच घ्या. गल्लीत पहिला डंपर येण्याआधी पायरीला टेप लावून तारखेसह फोटो काढून ठेवा.