गोव्यात बालमजूर ठेवणारा मालक दंड भरून सुटतो का? मुलाला त्या पैशांतलं काही मिळतं का?

पहिल्यांदा सापडला तर नुसत्या दंडावर सुटू शकतो, पण दुसऱ्यांदा नाही; आणि हो, पैसे मुलाला मिळतात. शिक्षा आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 1986 च्या बालमजुरी कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवलं तर 20 ते 50 हजार रुपये दंड, सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. दुसऱ्यांदा सापडला तर कैद चुकत नाही.

दुसरी गोष्ट भरपाईची. 1996 साली एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाकडून दर मुलामागे 20 हजार रुपये वसूल करून पुनर्वसन निधीत टाकायला सांगितलं. हे पैसे खटल्यातल्या दंडाहून वेगळे. 'उद्यापासून मुलाला काढून टाकतो' म्हटलं तरी ही जबाबदारी टळत नाही, असंही न्यायालयाने बजावलं. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण छाप्याची कुणकुण लागली की मालक आधी पोरालाच हाकलतात. आता वसूल झालेला दंडही मुलांच्या पुनर्वसन निधीत जातो, वर सरकार दर मुलामागे 15 हजार घालतं. हे पैसे मुलाचे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दहा-अकरा वर्षांचा मुलगा चहाचे ग्लास विसळताना मी पाहिलाय. साबणाने बोटं पांढरी पडलेली. असं दिसलं तर मालकाशी हुज्जत घालू नका, तो मुलाला लपवेल. बाजूला होऊन 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, दुकानाची नेमकी खूण सांगा.