बोट इथे, क्लिक तिथे

प्रश्न : ऑफिसच्या विंडोज ११ प्रो असलेल्या पीसीवर टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. घरून आयपॅडवर ‘विंडोज ॲप’मधून (दूरचा पीसी चालवण्याचं मायक्रोसॉफ्टचं रिमोट ॲप) जोडतो. बोट एका नोंदीवर ठेवलं की भलतीच उघडते, राइट क्लिक कधी होतो, कधी नाही. टॅब बिघडला असेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी आयपॅडच्या नोट्समध्ये बोटाने चार उभ्या-आडव्या रेघा ओढून पाहा. त्या न तुटता उमटल्या तर काच ठीक आहे. चार्जर लावलेला असतानाच स्पर्श भरकटत असेल, तर चार्जर बदला.

आता भलती म्हणजे नेमकी कोणती नोंद उघडते ते बघा. लागूनच वरची किंवा खालची उघडत असेल तर तुम्ही थेट स्पर्शाच्या मोडमध्ये आहात. बोटाचं टोक साधारण सेंटिमीटरभर रुंद, टॅलीची ओळ त्याच्या निम्मीही नाही, नेम चुकणारच. पार दुसऱ्या कोपऱ्यातलं काही उघडत असेल तर मोड माउस पॉइंटरचा आहे. तिथे क्लिक बोटाखाली होत नाही, बाण जिथे उभा असेल तिथे होतो. स्क्रीनवरची कनेक्शनची पट्टी उघडली की मोड बदलता येतो.

टॅलीसाठी आम्ही माउस पॉइंटरच सुचवू. काच लॅपटॉपच्या टचपॅडसारखी वापरायची : बोट सरकवून बाण नेमक्या ओळीवर आणा, मग कुठेही एक टिचकी मारा. दोन बोटांची टिचकी म्हणजे राइट क्लिक, दोन बोटं वर-खाली सरकवली की स्क्रोल. थेट स्पर्शात मात्र राइट क्लिकसाठी एकच बोट दाबून धरावं लागतं. तुमचा राइट क्लिक ‘कधी होतो, कधी नाही’ तो बहुधा या दोन रीतींच्या सरमिसळीमुळे.

अक्षरं फार बारीक असतील तर जोडलेल्या अवस्थेत विंडोजचं स्केल (अक्षरं-चिन्हांचा आकार) बदलायला जाऊ नका, ते तिथून बदलत नाही. जोडणी तोडा, ॲपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करा आणि पुन्हा जोडा. खरं तर टॅली हे बोटाचं कामच नव्हे. पट्टीतून कीबोर्ड उघडून जादा कळा घ्या : एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, सेव्हसाठी कंट्रोल-ए. किंवा सरळ ब्लूटूथ माउस जोडा, आयपॅडओएस १३.४ पासून तो नीट चालतो.

प्रश्न : रिमोटवर एक्सेल स्क्रोल करायला गेलं की शीट लहान-मोठी होते. फोल्डरमध्ये दुसरी फाइल निवडली तरी पहिली निवडलेलीच राहते.

उत्तर : पलीकडच्या पीसीवर कंट्रोल अडकलाय. ब्लूटूथ कीबोर्डवर कळ दाबलेली असतानाच दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की ‘कळ सोडली’ हा निरोप पीसीपर्यंत पोचत नाही. कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट एकेकदा दाबून सोडा. तरी सुटला नाही तर रिमोटच्या स्टार्टमधून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. अडकलेली कळ तिथे उजळलेली दिसते, तिच्यावर टिचकी मारा.

प्रश्न : अँड्रॉइड टॅबवरून दुसरं एक रिमोट ॲप वापरतो. सगळीकडे टच चालतो, पण टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला की स्क्रीन दिसते आणि टच मेलेला.

उत्तर : पीसीवर ते ॲप इन्स्टॉल न करता नुसती डाउनलोड केलेली फाइल चालवत असणार. टास्क मॅनेजर ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालतो, आणि कमी अधिकाराच्या प्रोग्रामने पाठवलेले क्लिक विंडोज अशा खिडकीपर्यंत पोचू देत नाही. सुरक्षेसाठी केलेली सोय आहे ती, तेव्हा टॅबवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. पीसीवर ॲप रीतसर इन्स्टॉल करा, म्हणजे ते सर्व्हिस म्हणून, पुरेशा अधिकाराने पडद्यामागे चालेल. तोवर अडकलात तर पीसीपाशी असलेल्या कुणाला तरी ती खिडकी बंद करायला सांगा.